एलएलएमचं डिझर्टेशन पहिल्यांदाच करताय? विषयापासून सबमिशनपर्यंत काय काय करायचं

एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या मास्टर्सला, ॲडमिशन झाली की सुरुवातीचे दिवस लेक्चर्स, असाइनमेंट्स आणि प्रेझेंटेशन्स यात कसे जातात कळत नाही आणि मग एक दिवस नोटीस लागते, अमुक तारखेपर्यंत डिझर्टेशनचा, म्हणजे शोधनिबंधाचा, विषय आणि सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) द्या. मग गाईडच्या केबिनबाहेर गर्दी, आणि सगळे एकमेकांना विचारतायत, तू काय घेतलंस? यूजीसीच्या २०१२ च्या गाइडलाइन्समुळे एक वर्षाचा एलएलएम आला, त्यात रिसर्च मेथड्स अँड लीगल रायटिंग हा पेपर कंपल्सरी आहे, पण तो पेपर पास होणं वेगळं आणि स्वतः बसून रिसर्च करणं वेगळं. एलएलबीला हेडनोट्स (निकालाच्या वर छापलेला सारांश) आणि नोट्सवर निभावून जातं. इथे नाही निभत.

मी खाली सगळं एकच विषय धरून सांगते, म्हणजे हवेतल्या गप्पा होणार नाहीत. विषय महाराष्ट्रातलाच, सामाजिक बहिष्कार म्हणजे गावकीने किंवा जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणं आणि त्याविरुद्धचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: तुमच्या डिझर्टेशनमधलं प्रत्येक विधान मूळ कागदापर्यंत नेऊन दाखवता आलं पाहिजे. मूळ कागद म्हणजे कायद्याचं कलम, जजमेंटचा पॅरा, गॅझेटचं पान, आरटीआयचं उत्तर. कुणाच्या तरी ब्लॉगवर तसं म्हटलंय, हा मूळ कागद नाही.

विषय मिळाला म्हणजे प्रश्न मिळाला असं नाही

"सामाजिक बहिष्कार: एक चिकित्सक अभ्यास" असली टायटल्स दरवर्षी ढिगाने येतात. चिकित्सक कशाची, कुठली, कधीची, काहीच कळत नाही आणि मग शंभर पानं इतिहास, शंभर पानं कायद्याची कलमं आणि शेवटी दोन पानं सजेशन्स असा प्रकार होतो. विषय बारीक करायचा तर त्याला तीन बाजूंनी दाबा: जागा, काळ आणि तरतूद.

आपल्या उदाहरणात बघा. या कायद्यात म्हटलंय की चार्जशीट दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा. त्याचबरोबर पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर तडजोडही करता येते. आता प्रश्न असा करा: रायगड जिल्ह्यात कायदा लागू झाल्यापासून अमुक वर्षापर्यंत दाखल झालेल्या खटल्यांमध्ये ही सहा महिन्यांची मुदत पाळली गेली का, आणि नसेल तर कुठल्या टप्प्यावर वेळ गेला? रायगड का, तर गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी तिथून वर्षानुवर्षं येतायत. याला उत्तर आहे. कागद गोळा करून ते शोधता येतं आणि ते चुकीचंही निघू शकतं. हायपोथिसिस, म्हणजे तपासून बघायचं गृहीतक, चुकीचा ठरू शकत नसेल तर तो हायपोथिसिस नाहीच, ती इच्छा आहे. "समाजप्रबोधन झालं पाहिजे" हे कुणीही म्हणेल, त्याला एलएलएम कशाला.

प्रश्न ठरला की शोधगंगावर जाऊन बघा. इन्फ्लिबनेटचं हे रिपॉझिटरी फुकट आहे, भारतातल्या युनिव्हर्सिट्यांमधले पीएचडी थिसिस तिथे असतात. तुमच्या विषयावर आधी कुणी काम केलंय म्हणून घाबरून विषय सोडू नका, त्यांनी कुठे थांबवलंय ते बघा आणि तिथून पुढे जा. लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे तेच, दहा पुस्तकांचे दहा सारांश एकाखाली एक लावणं म्हणजे रिव्ह्यू नाही.

डॉक्ट्रिनल की एम्पिरिकल हा वाद फार ताणू नका. कायदा, निकाल, डिबेट्स वाचून उत्तर मिळतंय तर डॉक्ट्रिनल, जमिनीवर काय चाललंय ते बघायला लागतंय तर एम्पिरिकल, वरच्या प्रश्नाला दोन्ही लागतील. एक वर्षाच्या कोर्सला असाल तर मात्र एम्पिरिकल भाग छोटा ठेवा, एक जिल्हा भरपूर झाला.

बेअर ॲक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) आधी, बाकी सगळं नंतर

इंडिया कोडवर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे मिळतात. कायदा उघडला की नाव वाचून खाली पळू नका. आपला कायदा "२०१६" चा म्हणून ओळखला जातो, पण विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये पास केल्यावर राष्ट्रपतींची संमती यायला वेळ लागला आणि तो लागू झाला जुलै २०१७ मध्ये. आता याचा परिणाम बघा: त्याच्या आधी घडलेल्या घटनेवर या कायद्याखाली शिक्षा होऊच शकत नाही, घटनेचं कलम २०(१) आडवं येतं. म्हणजे तुमचा डेटा २०१६ पासून धरलात तर पहिलं वर्ष रिकामं दिसणार आणि तुम्ही लिहून बसणार की सुरुवातीला अंमलबजावणी ढिली होती. एवढी मोठी चूक फक्त तारीख न बघितल्यामुळे.

डेफिनिशन क्लॉज पेन घेऊन वाचा, विधेयकाचं स्टेटमेंट ऑफ ऑब्जेक्ट्स अँड रीझन्स वाचा आणि शेवटचं रिपील कलम, म्हणजे जुना कायदा रद्द करणारं, तर अजिबात सोडू नका. इथे रिपील कलमात तुम्हाला १९४९ चा बॉम्बे प्रिव्हेन्शन ऑफ एक्सकम्युनिकेशन ॲक्ट सापडेल. सुप्रीम कोर्टाने तो १९६२ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता, तरी कागदावर तो तसाच होता आणि नव्या कायद्याने तो रद्द केला. एका कलमाच्या मागे गेलात की सत्तर वर्षांचा धागा हाताला लागतो.

महाराष्ट्राच्या कायद्यांवर काम करणाऱ्यांसाठी खास: बरेच जुने कायदे "बॉम्बे" नावाने होते, नंतर राज्याने त्यांची नावं बदलून "महाराष्ट्र" केली. बॉम्बे पोलीस ॲक्ट १९५१ आता महाराष्ट्र पोलीस ॲक्ट आहे, बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स ॲक्ट १९५० आता महाराष्ट्र पब्लिक ट्रस्ट्स ॲक्ट. सर्च करताना दोन्ही नावं टाका, नाहीतर अर्धी केस लॉ दिसणारच नाही.

सर्च

इंडियन कानून ही जजमेंट शोधायची वेबसाइट सगळेच वापरतात, पण बहुतेकजण गुगलसारखं वाक्य टाकून पहिली दहा जजमेंट्स उचलतात. तिथे नीट सर्च करायला शिका. अख्खा शब्दसमूह हवा असेल तर डबल कोट्समध्ये टाका. अँड, ऑर आणि नॉट हे ऑपरेटर वापरायचे असतील तर स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर दोनदा लिहायचं, म्हणजे दोन डी, दोन आर, दोन टी, सगळं कॅपिटलमध्ये आणि दोन्ही बाजूंना स्पेस सोडून. कोर्ट आणि तारखेचा फिल्टरही लावा.

मग शब्दांची यादी करा. एकाच गोष्टीला वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कोर्टांत वेगवेगळं म्हटलं जातं. आपल्याकडे सोशल बॉयकॉट, एक्सकम्युनिकेशन, ऑस्ट्रसिझम, कास्ट पंचायत, आणि खालच्या कोर्टाच्या मराठी कागदांत वाळीत, गावकी, जातपंचायत. २०१७ च्या आधीच्या केसेस तर आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) दुसऱ्याच कलमांखाली सापडतील, त्यामुळे नुसतं कायद्याच्या नावाने शोधून भागत नाही.

क्रिमिनल लॉवाल्यांनी तर डोळ्यात तेल घालून बघायचंय. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) आणि एव्हिडन्स ॲक्ट यांच्या जागी अनुक्रमे बीएनएस, बीएनएसएस आणि बीएसए लागू झाले आणि नंबर बदलले. आयपीसी ३०२ ची जागा बीएनएस १०३ ने घेतली, हे पाठ झालंय सगळ्यांना. पण ४८२ बघा. सीआरपीसीचं ४८२ म्हणजे हायकोर्टाचे इनहेरंट पॉवर्स (अंगभूत अधिकार), ते आता बीएनएसएस ५२८ आहे, आणि बीएनएसएसचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी सीआरपीसी ४३८ होता. म्हणजे २०२५ च्या ऑर्डरमध्ये नुसतं "सेक्शन ४८२" दिसलं तर कुठल्या कायद्याचं ते बघितल्याशिवाय नोट काढू नका. दोन्ही नंबर शेजारी ठेवून एक तक्ता करा आणि टेबलासमोर भिंतीवर चिकटवा.

सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये ई-एससीआर सुरू केलं, ऑफिशियल रिपोर्ट फुकट मिळतो. एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्रा हे निकालांचे डेटाबेस कॉलेजच्या लॉगिनवर मिळतात, घरून ॲक्सेस मिळतो का ते लायब्ररियनना पहिल्याच आठवड्यात विचारा. लायब्ररियनशी ओळख करून घ्या हो, गाईडइतकाच त्यांचाही उपयोग होतो. सरकारी कॉलेज किंवा युनिव्हर्सिटीत असाल तर जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून परदेशी जर्नल्सही मिळू शकतात, तुमची संस्था त्यात आहे का विचारा. पुण्यात असाल तर गोखले इन्स्टिट्यूटची धनंजयराव गाडगीळ लायब्ररी जुन्या सरकारी रिपोर्ट्ससाठी बघाच.

जजमेंट वाचणं, इथेच सगळा खेळ आहे

हेडनोट हा निकाल नाही. ती रिपोर्टरच्या एडिटरने लिहिलेली असते, कधी उत्तम असते कधी अर्धवट, पण ती कोट करायची नसते.

आपलं मुख्य जजमेंट घ्या, सरदार सय्यदना ताहेर सैफुद्दीन विरुद्ध स्टेट ऑफ बॉम्बे, एआयआर १९६२ एससी ८५३. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी १९४९ च्या कायद्याला आव्हान दिलं आणि पाच जणांच्या बेंचने चार विरुद्ध एक असा तो कायदा रद्द केला, मुद्दा होता कलम २६(ब), म्हणजे धार्मिक बाबींत आपला कारभार आपण बघण्याचा हक्क. नोट्समध्ये गोष्ट इथेच संपते. पण पूर्ण जजमेंट वाचलंत तर चीफ जस्टिस सिन्हांचं असहमतीचं मत वाचायला मिळतं, ते म्हणतात की बहिष्कृत माणसाला समाजात जवळपास अस्पृश्यासारखं केलं जातं आणि हा कायदा म्हणजे अस्पृश्यता बंद करणाऱ्या कलम १७ चाच हेतू पुढे नेणं आहे. आता विचार करा, २०१६ च्या कायद्याच्या घटनात्मकतेवर लिहायचं झालं तर तुमचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद कुठे आहे? जे मत हरलं त्यात. हेडनोट वाचणाऱ्याला तो मिळणारच नाही.

वाचायची पद्धत साधी ठेवा. पहिल्या वाचनात काहीही अंडरलाइन करायचं नाही, फक्त कोण कुणाविरुद्ध आलंय आणि कोर्टासमोर नेमका प्रश्न काय आहे एवढंच. दुसऱ्या वाचनात प्रत्येक पॅराच्या कडेला एक शब्द लिहा: फॅक्ट, वकिलाचा युक्तिवाद, जुना निकाल, कोर्टाचं मत. नवीन मुलं सगळ्यात जास्त इथे फसतात, कोर्ट आधी वकिलाचं म्हणणं सविस्तर मांडतं आणि नंतर फेटाळतं, आणि घाईत वाचणारा ते म्हणणं कोर्टाचं म्हणून कोट करून मोकळा होतो. तिसऱ्यांदा रेशो काढा, म्हणजे ज्या कारणावर निकाल उभा आहे ते. स्वतःला विचारा की अमुक फॅक्ट वेगळी असती तर निकाल बदलला असता का, बदलला असता तर ती फॅक्ट रेशोत येते. बाकीचं ऑबिटर, म्हणजे कोर्टाने जाता जाता म्हटलेलं, तेही वापरा पण ऑबिटर म्हणून सांगून वापरा.

एकापेक्षा जास्त मतं असतील तर सगळी वाचा. घटनेच्या मूलभूत चौकटीवरच्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीश होते, निकाल सात-सहा असा लागला आणि बहुमताचं म्हणून जे सारांशपत्र निघालं त्यावर तेरापैकी नऊच जणांच्या सह्या आहेत. त्यामुळे "कोर्ट म्हणालं" असं लिहिण्याआधी कोण म्हणालं आणि त्याच्याशी कितीजण सहमत होते ते बघावंच लागतं.

प्रत्येक केसची एका पानाची ब्रीफ करा. नाव, सायटेशन (निकाल कुठे छापलाय तो संदर्भ), बेंच, फॅक्ट्स तीन ओळीत, प्रश्न, निकाल, रेशो पॅरा नंबरसकट, आणि शेवटी "माझ्या प्रश्नाला याचा काय उपयोग" ही एक ओळ. ही शेवटची ओळ लिहिता येत नसेल तर ती केस डिझर्टेशनमध्ये घेऊ नका, कितीही गाजलेली असली तरी.

निकाल अजून टिकून आहे का?

एडीएम जबलपूर हा आणीबाणीतल्या हक्कांवरचा निकाल १९७६ चा, तो २०१७ च्या प्रायव्हसीवरच्या पुट्टस्वामी निकालात ओव्हररूल झाला, म्हणजे चुकीचा ठरवून मोडीत काढला गेला. त्याच निकालात एम. पी. शर्मा, आठ न्यायाधीशांचा १९५४ चा निकाल, प्रायव्हसीच्या मुद्द्यापुरता बाजूला सारला गेला, म्हणून तिथे नऊ जणांचं बेंच लागलं. बेंच किती मोठं होतं ही माहिती शोभेची नाही, लहान बेंच मोठ्या बेंचला ओव्हररूल करू शकत नाही.

इंडियन कानूनवर "साइटेड बाय" वर क्लिक करून नंतरचे निकाल बघा, डेटाबेसमध्ये ओव्हररूल्ड, डिस्टिंग्विश्ड (फॅक्ट्स वेगळ्या म्हणून लागू न केलेला) असे शेरे असतात तेही बघा, पण शेऱ्यावर न थांबता तो नंतरचा निकाल उघडा. आपला १९६२ चा निकाल घ्या: दाऊदी बोहरा समाजातल्याच लोकांनी १९८६ मध्ये त्याच्या फेरविचारासाठी याचिका केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या बेंचने ते प्रकरण शबरीमला मंदिरप्रवेशाच्या निकालाच्या रिव्ह्यूमधून आलेल्या नऊ न्यायाधीशांच्या बेंचकडे पाठवलं. असल्या विषयावर लिहिताना सबमिशनच्या आठवड्यात पुन्हा एकदा स्टेटस तपासायचंच.

कोर्टाचे आकडे, आरटीआय आणि माणसांशी बोलणं

ई-कोर्ट्सच्या साइटवर जिल्हा निवडून केस स्टेटसमध्ये "ॲक्ट" ने शोधता येतं. एक्सेल शीट उघडा, प्रत्येक केससाठी एक ओळ: सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवर प्रत्येक केसला असलेला स्वतंत्र नंबर), चार्जशीटची तारीख, आरोप निश्चितीची तारीख, पहिला साक्षीदार, निकाल, तडजोड झाली का. ॲक्टच्या यादीत नाव वेगवेगळ्या पद्धतीने टाकलेलं असू शकतं, म्हणून दोन-तीन प्रकारे शोधा. तुम्ही कुठल्या तारखेला काय सर्च केलंत तेही लिहून ठेवा, व्हायव्हात विचारतात.

पोलिसांकडे किती गुन्हे नोंद झाले ते आरटीआयने मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. "बहिष्काराबाबत सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. असं लिहा: "सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली १ जुलै २०१७ ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात आपल्या जिल्ह्यात नोंद झालेल्या गुन्ह्यांची पोलीस ठाणेनिहाय व वर्षनिहाय संख्या." जन माहिती अधिकाऱ्याला उत्तराला तीस दिवस असतात, उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, तिथेही वेळ जातो, म्हणून हा अर्ज सिनॉप्सिस मंजूर झाल्या झाल्या टाका, लिखाणाला बसल्यावर नाही. खटल्याचे कागद हवे असतील तर कोर्टात नकलेसाठी अर्ज करावा लागतो, तो मार्ग वेगळा.

आपल्या खालच्या कोर्टांचे कागद, फिर्याद, पंचनामा, जबाब हे मराठीत असतात. हा तुमचा मोठा फायदा आहे, बाहेरून येणाऱ्या संशोधकाला जे महिनोन्महिने जमणार नाही ते तुम्ही एका दुपारी वाचाल. डिझर्टेशन इंग्रजीत असलं तरी मूळ मराठी वाक्य तळटीपेत तसंच द्या.

मुलाखती घेणार असाल तर आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीचं काय म्हणणं आहे ते विचारा, लेखी संमती घ्या, आणि वाळीत टाकलेल्या कुटुंबाचं नाव, गावाचं नावसुद्धा बदला. छोट्या गावात "तीन मुली असलेले शिक्षक" एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो. तुमची डिग्री होईल, त्यांना त्याच गावात राहायचंय. याबाबतीत जरासुद्धा ढिलाई नको.

नोट्स, सायटेशन, प्लेजरिझम

पहिल्या दिवसापासून झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. शेवटच्या महिन्यात तळटीपा गोळा करू म्हणणाऱ्यांच्या रात्री तिथेच जातात. सायटेशनची स्टाइल कुठली ते डिपार्टमेंटला विचारा, आयएलआय, ब्लूबुक, ऑस्कोला यातली कुठलीही असो, एकच धरा. २०२३ पासून न्यूट्रल सायटेशन, म्हणजे कोर्टाने स्वतःच निकालाला दिलेला नंबर, आलंय, सुप्रीम कोर्टाचं आयएनएससी आणि मुंबई हायकोर्टाचं बीएचसी, त्यापुढे एएस किंवा ओएस म्हणजे अपीलेट की ओरिजिनल साइड, नाहीतर औरंगाबाद, नागपूर, गोवा बेंचचं चिन्ह. नवीन निकालांना हे द्याच, पॅरा नंबरसकट.

कॉपी केलेला मजकूर नोट्समध्ये कायम कोट्समध्ये आणि वेगळ्या रंगात ठेवा. बहुतेक प्लेजरिझम, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून देणं, चोरीच्या हेतूने होत नाही, सहा महिन्यांनी आपलं वाक्य कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं तेच आठवत नाही म्हणून होतो. यूजीसीच्या २०१८ च्या रेग्युलेशन्सप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, दहा ते चाळीसला सुधारून पुन्हा सबमिट करायला लागतं, चाळीस ते साठला वर्षभर थांबायला लागतं, साठच्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. नीट सायटेशन दिलेले कोट्स आणि कायद्याचा मजकूर यात धरत नाहीत.

एआय टूल वापरून केसेस शोधायच्या असतील तर एकच अट, केस स्वतः उघडून वाचल्याशिवाय तळटीपेत जाणार नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये माता विरुद्ध एव्हियान्का केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने बनवलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलरचा दंड बसला. नाव खरं वाटतं, सायटेशन खरं वाटतं, पॅराही खरा वाटतो, निकाल मात्र नसतो.

लिहायला मधल्या चॅप्टरपासून बसा, जिथे तुमचा डेटा आणि केसेस आहेत. इंट्रोडक्शन शेवटी लिहा, तेव्हाच कळतं आपण काय सिद्ध केलंय. प्रत्येक चॅप्टर झाला की गाईडना द्या, एकदम अख्खं बाड नेऊन दिलंत तर ते कुणीच नीट वाचत नाही. सबमिशनच्या आधीच्या आठवड्यात फक्त चार कामं ठेवा: सगळ्या केसेसचं स्टेटस पुन्हा तपासणं, तळटीपा एकेक उघडून बघणं, कॉलेजच्या सॉफ्टवेअरमधून सिमिलॅरिटी रिपोर्ट काढणं, आणि एक्सेल शीट, आरटीआयची उत्तरं, संमतीपत्रं यांची एक वेगळी फाइल करणं. व्हायव्हाला ती फाइल सोबत न्या, आकड्यावर प्रश्न आला की कागद काढून समोर ठेवता येतो.